तळ्यातले संबंधी

मुलगी पाहून झाली होती. आता मुलीचे आईबाप पाहायला माणसं येणार होती.

कल्याणरामांना ही बातमी लागली तेव्हा ते दुपारची कॉफी खालीवर ओतून निववत बसले होते. बंगळूरहून शांभवीचा फोन आला आणि ती एरवीसारखं "अप्पा, जेवलांत कां?" न विचारता थेट मुद्द्यावर आली. तिच्या ऑफिसातला विश्वेश आणि ती, यांचं आपसांत ठरलं होतं हे घरी माहीत होतं. विश्वेशच्या आईवडिलांनी शांभवीला बंगळुरात पाहिलं होतं, तिच्याबरोबर जेवले होते, तिला साडीही घेतली होती. आता ते मिरजेहून रामेश्वरला निघाले होते आणि वाटेत एक दिवस तंजावुरात उतरणार होते.

"नुसतं ऊर बघायचंय म्हणाले," शांभवी म्हणाली. "तुम्ही ऊर दाखवा, जेवायला घाला आणि गाडींत बसवून द्या. नाटक करूं नका."

इथं एक खुलासा केलेला बरा. ऊर म्हणजे गाव. तमिळमध्ये गावाला ऊर म्हणतात, आणि साडेतीनशे वर्षं तमिळ मुलखात काढल्यावर तंजावूरच्या मराठीतही गावाला ऊरच म्हणतात. छातीशी त्याचा काही संबंध नाही. हा खुलासा कुणी वेळेवर केला असता तर पुढचा एक कठीण प्रसंग टळला असता.

"आणि अप्पा," शांभवीचा आवाज खाली आला, "विश्वेशच्या आईंचं अजून पूर्ण हो नाही. नाही पण नाही. त्यांना सून मराठी पाहिजे."

"मग आपण कोण आहों?"

"तें मला नका सांगूं. त्यांना सांगा."

कल्याणरामांनी फोन ठेवला आणि कॉफीला साय धरेपर्यंत ते भिंतीकडे बघत राहिले. पोस्टातून सुपरिंटेंडंट म्हणून निवृत्त झालेला हा गृहस्थ. त्यांच्या सहीवाचून तंजावूर विभागातली एक लाल पेटी जागची हलत नसे. त्यांचे पूर्वज एकोजीराजे भोसल्यांच्या फौजेबरोबर इथं आले होते. फौजेत नव्हे, फौजेला दाणागोटा किती लागतो ते लिहायला. पण आले होते. आणि आता मिरजेची कुणी बाई विचारणार, की तुम्ही मराठी कशावरून?

"दाखवतों त्यांना," ते बायकोला, भामाला, म्हणाले. "राजवाडा दाखवतों, देवळांतला शिलालेख दाखवतों. आपले राजे होते म्हणावं येथें."

"तुम्ही स्वतः कधी पाहिलांत कां राजवाडा?" भामाने विचारलं.

हा प्रश्न तिने विचारायला नको होता. तंजावूरच्या माणसाने तंजावूर पाहावं अशी पद्धत नाही. कल्याणराम राजवाड्यावरून रोज ऑफिसला गेले होते, राजवाड्याच्या फाटकासमोर त्यांची स्कूटर दोनदा पंक्चर झाली होती, पण आत जायचं म्हणजे काहीतरी काम हवं. शाळेत असताना सहलीबरोबर नेलं होतं, तेव्हा त्यांचं सगळं लक्ष डब्यातल्या चिंचेच्या भातावर होतं.

बातमी शेजारी जायला उशीर लागला नाही. शेजारचे मणी बँकेतून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून दोन्ही घरांमधल्या कुंपणाच्या भिंतीवर कोपर टेकून सल्ला देत असत. मणींचं घराणं इथलंच, अस्सल. मराठी राजे त्यांच्या लेखी काल आलेले पाहुणे होते.

"अग्निनक्षत्रात येतायत?" मणींनी तमिळमध्ये विचारलं. मे महिन्यातल्या सगळ्यात जाळणाऱ्या दिवसांना तिकडे अग्निनक्षत्र म्हणतात. "मग एक लक्षात ठेवा. त्यांना कुठंही बसू देऊ नका. बसलेला माणूस प्रश्न विचारतो. पळवा. हे बघा, ते बघा, चला पुढे. संध्याकाळपर्यंत त्यांना काहीच आठवणार नाही आणि ते म्हणतील, गाव फार मोठं आहे."

कल्याणरामांना हा सल्ला पसंत पडला नाही. त्यांना प्रश्न हवे होते. फक्त उत्तरं आधी तयार ठेवायची होती.

पहिली तयारी शिलालेखाची. मोठ्या देवळाच्या ओवरीत भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरलेला आहे, भिंतच्या भिंत. पाहुण्यांना तिथं उभं करायचं आणि बोट ठेवून खडाखड वाचून दाखवायचं, असा कल्याणरामांचा बेत होता. त्यात अडचण एकच होती. त्यांना देवनागरी वाचता येत नव्हतं. लहानपणी हिंदीच्या शिकवणीला काही दिवस गेले होते, त्यातलं 'क'पासून 'घ'पर्यंत आठवत होतं, तेही रांगेत म्हटलं तर. मराठी त्यांची घरातली भाषा. ती तोंडात होती, डोळ्यांत कधी आली नव्हती.

त्यांचा चुलतभाऊ तुळजाराम याच्याकडे त्या इतिहासाची एक लहानशी पुस्तिका होती. त्याने ती फोनवर वाचून दाखवली आणि कल्याणरामांनी ती तमिळ लिपीत उतरवून घेतली. ज्यांना तमिळ लिपी येते त्यांना यातला धोका कळला असेल. त्या लिपीत 'प'ला आणि 'भ'ला एकच अक्षर, 'त'ला आणि 'द'लाही एकच. म्हणजे 'राजांनी देवळास पुष्कळ दान दिलें' हे वाक्य 'पुष्कळ तान दिलें' असंही वाचता येतं, आणि घाईत 'न'चा 'ण' झाला की 'ताण दिलें'. कल्याणराम स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत पाठ करू लागले. भामा भाजी चिरता चिरता म्हणाली, "ताण नव्हे हो, दान. ताण तुम्ही मज देत आहांत."

दुसरी तयारी राजवाड्याची. आवारातल्या एका जुन्या इमारतीचा वरचा सज्जा एरवी बंद असतो; तो खास उघडून घ्यावा असं कल्याणरामांच्या मनात आलं. त्यासाठी ते एका कचेरीत गेले. पहिल्या टेबलाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसरं टेबल जेवायला गेलं होतं, तिसऱ्याने अर्ज दिला. अर्जात एक रकाना होता : पाहुण्यांचं अर्जदाराशी नातं.

कल्याणराम अडले. तमिळमध्ये व्याह्याला संबंधी म्हणतात. पण हे अजून संबंधी झालेले नव्हते. परके लिहावं तर परवानगी कशाला? मित्र लिहावं तर आयुष्यात भेटलेले नाहीत. चाळीस वर्षं पोस्टात दुसऱ्यांना रकाने नीट भरायला लावणारा माणूस तो. खोटं लिहिणं शक्य नव्हतं. शेवटी त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं : 'संबंधी (अपेक्षित)'.

कारकुनाने ते वाचलं, कल्याणरामांकडे पाहिलं, पुन्हा वाचलं आणि शिक्का मारला.

पाहुणे आले ते गाडी उशिरा पोचल्यामुळे ऊन चांगलं चढल्यावर. रंगराव अष्टपुत्रे गोरे, गोल आणि उत्साही होते. आडनावात आठ पुत्र असले तरी घरात एकच विश्वेश होता. त्यांना जे दिसेल त्याची तुलना मिरजेशी करायची सवय होती. त्यांच्या पत्नी वसुमतीबाई मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्या होत्या, पण नजर अजून नोकरीत होती; ती अंगावर पडली की माणूस आपोआप ताठ उभा राही. कल्याणराम उभे राहिले. दारातल्या झाडाकडे बघत रंगराव म्हणाले, "वा! आंब्याचा मोसम आहे वाटतं."

तमिळमध्ये मोसम म्हणजे अगदी वाईट.

"नाही नाही," कल्याणराम घाईने म्हणाले, "आंबा चांगला आहे."

त्या भागात मुलगी बघायला आले की पाहुण्यांपुढे सोज्जी आणि भजी ठेवायची रीत आहे, जसे इकडे कांदेपोहे. मुलगी बंगळुरात होती आणि भामा भजी तळत होती, त्यामुळे सोज्जीच्या बशा हातात धरून, मान खाली घालून बाहेर आले ते खुद्द कल्याणराम. वसुमतीबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"शिरा छान झालाय," त्या म्हणाल्या.

"शिरा नव्हे, सोज्जी," कल्याणराम म्हणाले आणि त्यांना वाटलं, आता बोलायची वेळ आली. "जेवण मागून. पहिलें तुम्हांस आमचं ऊर दाखवतों. कोणास दाखवत नाही तें पण खास उघडून दाखवतों. परवानगी काढली आहे."

वसुमतीबाईंचा चमचा हवेत थांबला. रंगरावांनी ठसका लागल्यासारखं केलं. भामा टीव्हीवरच्या मराठी मालिका बघत असे, म्हणून तिला धोका कळला. ती आतून झारा घेऊनच धावत आली. "गाव! गाव दाखवणार म्हणतात! राजवाडा!"

कल्याणरामांना आपण काय बोललो ते घरी कळलंच नाही. देवळाकडे जाताना भाड्याच्या व्हॅनमध्ये भामाने कानात सांगितलं, आणि त्यानंतर मोठं गोपुर येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत बसले.

देवळात चपला बाहेर ठेवाव्या लागतात. अग्निनक्षत्रातल्या उन्हात तिथली दगडी फरसबंदी म्हणजे तवा. अंगणात अंथरलेल्या काथ्याच्या पट्टीवर यात्रेकरूंचा एक जथा उभा होता, त्यामुळे चौघांनाही दगडावरून जावं लागलं. हजार वर्षांचं ते देऊळ, जगभरातून लोक बघायला येतात. अष्टपुत्रे पतिपत्नींनी ते उड्या मारत पाहिलं. "भव्य! भव्य!" असं रंगराव प्रत्येक उडीला म्हणत होते. वसुमतीबाई मात्र गुडघे उंच उचलून, तालात, शाळेच्या कवायतीसारख्या धावल्या आणि सगळ्यांच्या आधी ओवरीत पोचल्या.

ओवरीत सावली होती आणि शिलालेख होता. कल्याणरामांनी वेष्टी, म्हणजे तिकडचं लुंगीवजा धोतर, सावरली, घसा साफ केला, भिंतीवर बोट ठेवलं आणि सुरुवात केली. आवाज खणखणीत लागला. शहाजी झाले, एकोजी झाले, दान जिथं द्यायचं तिथं दानच दिलं. एक दोन वाटसरू थांबून ऐकू लागले. भामाच्या चेहऱ्यावर थोडा अभिमान दिसला. रंगराव चष्मा पुसून भिंतीजवळ आले.

"कल्याणरामराव," ते हळूच म्हणाले, "तुमचं बोट आहे ना, तिथं काही लिहिलेलं नाही. ती भेग आहे."

कल्याणरामांनी बोट हलवलं.

"आणि आता जिथं ठेवलंत तिथं ओळ संपते. तुम्ही डावीकडे चाललायत."

ओवरीत एक पारवा घुमला. वसुमतीबाईंनी परिस्थिती सांभाळायची म्हणून, अगदी मनापासून, एक वाक्य म्हटलं.

"वाचता नाही आलं तर काय झालं? पण तुम्ही मराठी बोलता मात्र छान हं! कुठं शिकलात?"

असं वाक्य ऐकल्यावर माणसाने काय करावं? कल्याणरामांची आजी, पणजी, खापरपणजी याच भाषेत रडली, हसली, याच भाषेत त्यांनी सुनांना छळलं. ते म्हणाले, "घरींच." आणि राजवाड्याकडे निघाले.

राजवाड्यातल्या पहारेकऱ्याने परवानगीचा कागद उलटसुलट वाचला. "सज्ज्यावर अर्जदार आणि त्याचे नातेवाईक जाऊ शकतात," तो तमिळमध्ये म्हणाला. "नातं 'अपेक्षित' लिहिलंय. म्हणजे अजून नाही. हे दोघं खाली थांबतील. तुम्ही दोघं वर जा."

"आम्ही कशाला जाऊं? आम्ही येथलेच आहों!"

"परवानगी निघालीय. कुलूप उघडलंय. मला वहीत लिहावं लागेल की माणसं वर गेली."

कल्याणराम नियमाचा मान राखणारे होते. हाच नियम त्यांनी स्वतः असाच लावला असता. त्यामुळे शेवटी कल्याणराम आणि भामा त्या काळोख्या जिन्याने वर गेले आणि ज्यांना राजवाडा दाखवायचा ते मिरजकर खाली अंगणात उभे राहिले. रंगरावांनी वर बघून त्यांचे फोटो काढले. "हात करा!" ते ओरडले. कल्याणरामांनी हात केला. भामाने सज्ज्याच्या कठड्यावरून गाव बघितलं, तारांवर वाळत घातलेले कपडे बघितले, आणि म्हणाली, "अय्यो, किती छान दिसतें! आपण कधी आलोंच नाही." सबंध दिवसात राजवाडा आवडलेली ती एकटीच.

आता घरी जाऊन जेवायचं, असं ठरत असताना व्हॅन एका बागेवरून गेली. बागेत तळं होतं, तळ्याच्या मधोमध चिमुकलं बेट, बेटावर एक लहानसं देऊळ, आणि काठाला बांधलेल्या पायडलच्या होड्या. पांढऱ्या, हंसाच्या आकाराच्या, उंच मानेच्या. रंगराव सीटवरून अर्धे उठले.

"ते बेट आपण बघायचंच. मिरजेत असं बेट नाही."

दिवसभरात पहिल्यांदा मिरजेत काहीतरी नव्हतं. कल्याणरामांनी व्हॅन थांबवली.

तिकिटाच्या खिडकीवर अंबा नावाची दणकट बाई बसली होती. एका हंसात दोघंच, ती म्हणाली. आणि ती स्वतः आता जेवायला चालली होती, तेव्हा बेटावर पोचलात की दोर खुंटाला नीट बांधा, असं तिने बजावलं. बायकांनी उन्हात होडी चालवायला साफ नकार दिला आणि त्या काठावरच्या झाडाखाली ताडगोळेवाल्याजवळ बसल्या. दोन बाप हंसात बसले.

पायडल मारणं सोपं असतं, पण दोघांनी एकाच दिशेने मारावं लागतं. कल्याणराम पाहुण्यांना त्रास नको म्हणून एकटेच जोर लावत होते, आणि रंगराव यजमानांना मदत म्हणून मध्येच उलटे. हंस आधी स्वतःभोवती फिरला, मग एका बाजूने पुढे गेला आणि जरा वेळाने बेटाला धडकला. दोघं उतरले. रंगराव देवळाकडे निघाले. दोर बांधणं यजमानाचं काम, असं त्यांना वाटलं. कल्याणराम त्यांच्या मागे निघाले. दोराच्या बाजूला रंगराव बसले होते, तेव्हा त्यांनीच तो बांधला असणार. देवाला हात जोडून दोघं मागे वळले तेव्हा हंस तळ्याच्या मध्यावर होता आणि मान वर करून पलीकडे चालला होता.

"अहो," रंगराव म्हणाले, "तो चालला."

कल्याणरामांनी अंबाला हाक मारली; खिडकी बंद होती. फोन? ते व्हॅनमध्ये राहिले होते, भिजू नयेत म्हणून. त्यांनी काठावर हात हलवले. पलीकडून भामाने आणि वसुमतीबाईंनी आनंदाने हात हलवले आणि पुन्हा ताडगोळे खाऊ लागल्या. मग कल्याणरामांनी वेष्टी गुडघ्याच्या वर खोचली आणि पाणी किती आहे ते बघायला एक पाय टाकला. पाणी थोडंच होतं, चिखल फार होता. पाय परत आला, चप्पल आली नाही.

तेव्हा, करण्यासारखं दुसरं काही नसल्यामुळे, कल्याणरामांनी बेट दाखवलं. हे देऊळ, गाभाऱ्याला जाळी आहे, आतला देव नीट दिसत नाही. हा कडुलिंब. हा दिव्याचा खांब, दिवा नाही. आणि ही पाटी. पाटी तमिळमध्ये होती. कल्याणरामांनी तिच्यावर बोट ठेवून एकेक शब्द मराठीत सांगितला, "पाण्यांत उतरूं नये. होडी बांधून ठेवावी."

"हे मात्र तुम्ही खरंच वाचलंत," रंगराव म्हणाले.

आणि ते इतके हसले की खांबाला टेकून त्यांना खाली बसावं लागलं. कल्याणरामांना आधी राग आला, मग रागावून जायला जागाच नाही हे लक्षात आलं, आणि मग तेही हसू लागले. कडुलिंबाच्या सावलीत दोघं शेजारी बसले. भूक लागली होती. घरी भामाने वांगीभात करून ठेवला होता, तो दोघांनाही दिसत होता.

"रंगराव, एक विचारूं?" कल्याणराम म्हणाले. "आम्ही मराठी नाही असं वाटतें कां तुम्हांस?"

रंगरावांनी चष्मा काढला. "माझी आई बेळगावकडची. बाजारात मराठी बोलायची. घरात देवाशी, मांजराशी आणि माझ्याशी कन्नड. मी काय सांगणार मराठी कोण ते?"

"हें वसुमतीबाईंस माहीत आहे?"

"माहीत? आईशी भांडता यावं म्हणून ती कन्नड शिकायला लागली होती. चांगलं येईपर्यंत आई गेली." "तुम्हाला वाटतंय, तिला मराठीचा अभिमान आहे. तसं नाही हो. नवी नवरी होऊन आली तेव्हा मी आणि आई स्वयंपाकघरात बोलायचो, हसायचो, आणि तिला एक अक्षर कळायचं नाही. तिला वाटायचं, आपल्यावरच हसतायत. कधी कधी आई खरंच तिच्यावर हसायची. आता तिला भीती वाटते, सून येईल, फोनवर आईशी तमिळमध्ये बोलेल, आणि म्हातारपणी पुन्हा त्याच स्वयंपाकघरात ती तशीच उभी राहील."

कल्याणरामांना शिलालेख आठवला, सज्जा आठवला, राजे आठवले. यातल्या एकाचाही त्या बाईला काही उपयोग नव्हता. त्यांना स्वतःची लाज वाटली असं नाही, पण आपण दिवसभर चुकीचं काहीतरी दाखवत होतो एवढं कळलं.

"शांभवी ऑफिसात इंग्रजी बोलते, दुकानांत तमिळ," ते म्हणाले. "पण आईशीं भांडते तें मराठींतच. हें कसं सांगूं त्यांना?"

"मला विचारू नका," रंगराव म्हणाले. "मी तीस वर्षं तिला काही समजावून सांगू शकलेलो नाही."

ऊन कलायला लागलं तेव्हा पाण्यावर खळखळ झाली. दुसरा एक हंस सरळ रेषेत बेटाकडे येत होता. त्यात वसुमतीबाई एकट्या, पदर खोचून, संथ लयीत पायडल मारत होत्या. त्यांनी हंस बेटाला लावला आणि दोर स्वतः खुंटाला बांधला.

"किती वेळ दर्शन चाललंय? आम्हाला वाटलं तुमचं जमलंय, म्हणून हाक मारली नाही. मग तो रिकामा हंस दिसला." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग कल्याणरामांच्या एका चपलेकडे. "कल्याणरामराव, तुम्ही बसा. यांना नंतर नेते. तुमच्याशी बोलायचंय."

पाहुण्याला मागे ठेवून यजमानाने निघणं बरोबर नव्हतं. पण त्या नजरेपुढे बोलणार कोण? कल्याणराम चिखलाने भरलेला पाय शक्य तितका आत घेऊन बसले. हंस निघाला. त्यांनी ठरवलं, आता खरं ते सांगून टाकायचं.

"बाई, तो शिलालेख मी वाचला नाही. पाठ केला होता."

"भामाताईंनी सांगितलं. ताण आणि दान पण सांगितलं." वसुमतीबाईंनी सुकाणू वळवलं. "मी दुसरंच सांगणार आहे. मघाशी तिथं बसलो होतो तेव्हा शांभवीचा फोन आला. तिने आईला विचारलं असणार, बाई कशी आहे म्हणून. आणि भामाताईंनी माझ्या शेजारी बसून, मोठ्याने, सगळं सांगितलं. मराठीत."

कल्याणरामांना ताबडतोब कळलं काय झालं असणार ते. तंजावुरात चार लोकांत काही गुपित बोलायचं तर हे लोक मराठीत बोलतात. बसमध्ये, दवाखान्यात, साडीच्या दुकानात भाव पटला नाही तर. शेजारच्याला कळत नाही, ही जन्माची खात्री. शेजारी बसलेली बाई मिरजेची आहे हे भामा ताडगोळ्यांच्या नादात साफ विसरली होती.

"काय म्हणाली ती?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"म्हणाल्या, 'बाई कठीण आहे, पोलिसांसारखी बघते. पण मनाची चांगली दिसते. नवरा लहान मूल आहे, त्याला सांभाळून थकली असेल. तूं उलट बोलूं नकोस, पण भिऊं पण नकोस. आणि तुझे अप्पा सकाळपासून नुसतें वेड्यासारखें करत आहेत.'"

"अय्यो," कल्याणराम म्हणाले.

"मी ऐकत होते. शब्द न् शब्द कळत होता." वसुमतीबाईंनी पायडल थांबवलं. हंस आपल्याच गतीने पाण्यावर सरकत राहिला. "माझ्या सासूबाई माझ्याबद्दल काय बोलायच्या ते मला कधी कळलं नाही हो. अजूनही कधी झोपताना वाटतं, काय म्हणत असतील? आज कुणीतरी माझ्याबद्दल माझ्या पाठीमागे बोलत होतं आणि मला सगळं कळत होतं. मला इतकं बरं वाटलं! मी भामाताईंना म्हटलं, पोलिसांसारखी नाही, पी.टी.च्या बाईंसारखी. त्यांच्या हातातला ताडगोळा पडला."

मग दोघीही रडल्या की हसल्या, ते त्यांनी सांगितलं नाही. एवढं सांगितलं, की मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतर आणि तमिळ मार्गळी महिना लागायच्या आत धरायचा, कारण आधी मिरजेला चालत नाही आणि नंतर तंजावूरला चालत नाही. सोज्जी आणि शिरा दोन्ही करायचे. वेगळे आहेत ते भामाताईंनी पटवून दिलं आहे.

काठावर अंबा कमरेवर हात ठेवून उभी होती आणि पळालेल्या हंसाबद्दल तमिळमध्ये पुष्कळ काही बोलत होती. भामा तोंडाला पदर लावून उभी होती; डोळे तेवढे दिसत होते. कल्याणरामांनी काठावर उतरून तिच्याकडे पाहिलं. वसुमतीबाई उतरताच ते पुन्हा हंसात बसले.

"मी आणतों त्यांना," ते म्हणाले. "त्यांना मीच सांगतों."

पायडल मारता मारता त्यांचा श्वास फुलला. बेटावर रंगराव खांबाला धरून उभे होते, हाताचा कर्णा करून.

"काय झालं?" रंगराव ओरडले.

बेटावर पोचेपर्यंत थांबणं कल्याणरामांना शक्य नव्हतं. तळ्याच्या मध्यावरच त्यांनी हंस थांबवला, उभे राहू गेले, हंस कलला, पुन्हा बसले, आणि बसल्या बसल्या सगळ्या बागेला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले :

"लग्न ठरलें!"

"कुणाचं?" रंगराव ओरडले.